हैतीचे पैसे हैतीने खाल्ले नाहीत

जगात कुठे मोठा भूकंप झाला की पहिला आठवडा ढिगाऱ्यातून बाहेर काढलेल्या मुलांच्या छायाचित्रांचा असतो. दुसऱ्या आठवड्यात हैतीचा विषय निघतो. २०२३च्या फेब्रुवारीत तुर्कस्तान आणि सीरिया हादरले तेव्हा निघाला, २०२५च्या मार्चमध्ये म्यानमारच्या मंडालेतल्या इमारती कोसळल्या तेव्हाही निघाला. ‘हैतीत १३ अब्ज डॉलर ओतले, काय उजेड पडला?’ असं विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, ते त्याच्याकडे तयार असतं. तिथलं सरकार चोर, तिथली माणसं आळशी, दिलेलं सगळं खाऊन बसले. यातून दोन सल्ले निघतात. एक, परदेशात पैसे पाठवणंच मूर्खपणाचं आहे. दुसरा सल्ला जरा शहाणा दिसतो : पाठवायचेच तर तिथल्या सरकारला वळसा घालून, थेट मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या हाती द्यावेत.

मला दोन्ही सल्ले अमान्य आहेत, आणि दुसरा अधिक. कारण हैतीत नेमका तोच अमलात आणला गेला होता. हैतीच्या फसलेल्या मदतीतून काही सिद्ध होत असेल तर या शहाण्या सल्ल्याची घातकता सिद्ध होते, आणि आपण मात्र तोच सल्ला धडा म्हणून मिरवत आहोत.

आधी पैशाचं पाहू. १२ जानेवारी २०१० रोजी, संध्याकाळी पाचला काही मिनिटं कमी असताना, हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून पंचवीसेक किलोमीटरवर ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांच्या आकड्यावर आजही वाद आहे. हैती सरकारने तो तीन लाखांच्या वर सांगितला, इतरांचे अंदाज त्याहून बरेच खाली आहेत. पंधरा लाखांच्या आसपास माणसं उघड्यावर आली. जगाने हात सैल सोडला, यात शंका नाही. मार्चअखेरीस न्यूयॉर्कला देणगीदार देशांची परिषद भरली आणि पुढच्या दीड वर्षासाठीच ५.३ अब्ज डॉलरची वचनं दिली गेली.

या पैशाचा माग संयुक्त राष्ट्रांच्याच विशेष दूताच्या कार्यालयाने काढला. दूत होते बिल क्लिंटन आणि उपदूत होते डॉ. पॉल फार्मर, ज्यांनी हैतीच्या खेड्यापाड्यांत अनेक वर्षं दवाखाने चालवले होते. तातडीच्या मदतीसाठी सरकारांनी दिलेल्या २.४३ अब्ज डॉलरपैकी ३४ टक्के रक्कम देणाऱ्या देशांच्याच नागरी आणि लष्करी यंत्रणांकडे गेली. म्हणजे जहाजं, विमानं, सैनिक, इंधन आणि त्यांचे भत्ते. २८ टक्के संयुक्त राष्ट्रांच्या आवाहनातल्या प्रकल्पांसाठी त्यांच्या संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थांना मिळाले. २६ टक्के इतर परदेशी संस्था आणि खाजगी ठेकेदारांना. हैतीच्या सरकारला मिळाला एक टक्का. हैतीतल्या स्थानिक संस्थांच्या वाट्याला आले ०.४ टक्के. पुढे पुनर्बांधणीचा पैसा सुटला तेव्हाही चित्र फारसं पालटलं नाही. २०१० ते २०१२ या काळात प्रत्यक्ष दिल्या गेलेल्या मदतीपैकी ९.१ टक्के हैतीच्या सरकारी यंत्रणेतून गेली आणि ०.६ टक्के तिथल्या संस्था व व्यवसायांना मिळाली.

ज्याच्या हाती शंभरातला एक रुपया आला त्याने शंभर खाल्ले, हा आरोप हिशेबात बसत नाही. एवढं साधं गणित न करता आपण एका अख्ख्या राष्ट्राला चोर ठरवतो, याचा मला मनापासून राग येतो. वॉशिंग्टनमधल्या एका आर्थिक संशोधन संस्थेने अमेरिकी मदत खात्याच्या हैतीविषयक कंत्राटांची छाननी केली. त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम वॉशिंग्टन शहर आणि त्याला लागून असलेल्या मेरिलँड व व्हर्जिनिया या दोन राज्यांतल्या कंपन्या-संस्थांना गेलेली होती. हैतीतल्या कंपन्या-संस्थांचा थेट वाटा तीन टक्क्यांनाही पोचत नव्हता. पैसा गेला कुठे, हे गूढ नाही. तो जिथून निघाला तिथेच बराचसा फिरला.

यावर लगेच प्रश्न येतो, आणि तो वाजवी आहे : जानेवारी २०१०मध्ये हैतीत सरकार होतंच कुठे? राष्ट्राध्यक्षांचा पांढरा प्रासाद खचला होता. २९ पैकी २८ मंत्रालयांच्या इमारती पडल्या होत्या. हजारो सरकारी कर्मचारी ढिगाऱ्याखाली गेले होते. राष्ट्राध्यक्ष रेने प्रेव्हाल विमानतळाजवळच्या एका पोलीस ठाण्यातून कारभार चालवत होते. अशा सरकारच्या हाती अब्जावधी कुणी द्यावेत?

पण याच न्यायाने संयुक्त राष्ट्रांच्या हातीही द्यायला नको होते. त्यांच्या शांतिसेनेचं मुख्यालय ज्या ख्रिस्तोफर हॉटेलात होतं तेही त्या संध्याकाळी कोसळलं. मोहिमेचे प्रमुख हेदी अन्नाबी त्यात गेले; संयुक्त राष्ट्रांची शंभराहून अधिक माणसं त्या भूकंपात दगावली. या संघटनेचं दुःख हैती सरकारइतकंच खरं होतं. फरक इतकाच, की त्यांच्यासाठी लगोलग नवी माणसं, नव्या गाड्या, नवे संगणक आले. मंत्रालयांच्या वाट्याला तशी धावपळ आली नाही. कोसळलेल्या दोन यंत्रणांपैकी कुठली उभी करायची, हा निर्णय होता, आणि तो घेतला गेला.

त्या निर्णयाचं रूप जवळून पाहायचं तर विमानतळाशेजारच्या लॉजिस्टिक्स तळावर जावं लागेल. सगळे त्याला ‘लॉग बेस’ म्हणत. भोवती काटेरी तारा, दारावर सशस्त्र पहारा, आत वातानुकूलित कंटेनर. पाणी, निवारा, आरोग्य, अन्न अशा विषयवार समन्वय बैठका तिथे भरत. कुठल्या छावणीला ताडपत्री, कुठल्या वस्तीला टँकर, हे तिथे ठरे. आत जायला ओळखपत्र लागे. आणि बैठका चालत इंग्रजीत. हैतीची माणसं क्रेओल बोलतात, शिकलेली फ्रेंच लिहितात. इंग्रजी त्यांच्या देशात मूठभरांना येतं. ज्या वस्तीत उभं राहून शेजाऱ्यांनी हातांनी सिमेंटचे थर उपसले, त्या वस्तीची समिती दाराबाहेर आणि तिच्या पाण्याचा निर्णय आत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

शेजाऱ्यांच्या हातांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण दूरचित्रवाणीवर ती दिसत नाही. हैतीत आलेल्या साठाहून अधिक परदेशी शोधपथकांनी मिळून जिवंत बाहेर काढलेल्यांची संख्या दीडशेच्या आत आहे. नेपाळमध्ये २०१५ साली पाऊणशे परदेशी पथकं आली आणि त्यांनी १६ जणांना जिवंत काढलं. त्या पथकांच्या शौर्याला मी काडीचाही कमीपणा आणत नाही. एक जीव वाचला तरी ते येणं सार्थ. पण हजारोंना वाचवलं ते शेजाऱ्यांनी, नातलगांनी, स्थानिक पोलीस आणि सैनिकांनी. पहिल्या चोवीस तासांत जो तिथे असतो तोच वाचवतो. पुढच्या दहा वर्षांतही जो तिथे असतो तोच उभारतो, आणि मदतीच्या सगळ्या रचनेने नेमकं त्यालाच दाराबाहेर ठेवलं.

वळसा घालण्याची ही सवय भूकंपाने लागलेली नव्हती. त्याच्या आधीच हैतीला ‘स्वयंसेवी संस्थांचं प्रजासत्ताक’ म्हटलं जाई, इतक्या परदेशी संस्था तिथे शाळा-दवाखाने चालवत होत्या. देणगीदार म्हणत, सरकार दुबळं आहे म्हणून आम्ही संस्थांना देतो. सरकार दुबळंच राहिलं, कारण पैसा, माणसं आणि गाड्या संस्थांकडे होत्या. चांगला डॉक्टर, चांगला इंजिनिअर सरकारी पगारात राहील कशाला? भाताचीही तीच कथा. १९९५ साली बाहेरच्या दबावाखाली हैतीने तांदळावरची आयातजकात ५० टक्क्यांवरून तीनवर आणली. अमेरिकेतल्या अनुदानित तांदळाने बाजार भरला आणि आर्तिबोनीत खोऱ्यातला भातशेतकरी शेती सोडून राजधानीच्या झोपडपट्टीत आला. त्याच कच्च्या, दाटीच्या वस्त्या २०१०मध्ये माणसांवर कोसळल्या. बिल क्लिंटन यांनी मार्च २०१०मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे या धोरणाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच महिन्यात प्रेव्हाल वॉशिंग्टनला जाऊन सांगत होते, की आता फुकट अन्न आणि पाणी पाठवणं आवरा, त्याने आमचा शेतकरी आणि दुकानदार बुडतो. आम्हाला रोजगार उभा करायला मदत करा. आळशी म्हणून हिणवलेल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष फुकटचं नको म्हणत होता.

दवाखान्यांची गत निराळी नव्हती. परदेशी पथकांनी मोफत उपचार सुरू केले; ते गरजेचेच होते. पण दोन-तीन महिन्यांत राजधानीतलं एक नावाजलेलं खाजगी रुग्णालय पगार देता न आल्याने बंद पडलं. ज्या इमारतीला तडा गेला नव्हता, जिथले डॉक्टर हैतीचे होते, ती इमारत मदतीच्या दिवसांतच मिटली. सरकारी सार्वजनिक रुग्णालयातल्या परिचारिका कित्येक महिने पगाराविना राबत होत्या. डॉ. फार्मर यांच्या संस्थेने खटपट करून अमेरिकन रेड क्रॉसच्या निधीतून त्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या पगाराची सोय केली. म्हणजे हे करता येत होतं. देणाऱ्याचा पैसा सरकारी हजेरीपटावरच्या माणसाच्या हाती पोचवणं अशक्य नव्हतं. अपवाद म्हणून झालं, नियम म्हणून झालं नाही.

घरांच्या बाबतीत तर वळशाच्या वाटेने काय दिलं याचा लेखी पुरावा आहे. अमेरिकी मदत खात्याने १५ हजार घरांचा संकल्प सोडला. अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षकांनी २०१३मध्ये अहवाल दिला, त्यानुसार घरांची संख्या २,६४९वर आली होती आणि खर्चाचा अंदाज ५.९ कोटी डॉलरवरून ९.७ कोटींवर गेला होता. अमेरिकन रेड क्रॉसने हैतीच्या नावाने जवळपास ५० कोटी डॉलर जमवले. २०१५मध्ये दोन अमेरिकी वृत्तसंस्थांनी शोध घेतला तेव्हा संस्थेने बांधलेली कायमची घरं निघाली सहा. जमिनीच्या मालकीचे वाद आड आले, आम्ही तात्पुरते निवारे आणि दुरुस्त्यांवर भर दिला, हा संस्थेचा खुलासा. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण जमिनीचे वाद सोडवतो तलाठी, न्यायालय, नगरपालिका, म्हणजे शासन. ज्या शासनाला बाजूला सारलं, त्याच्यावाचून वीट रचता येत नाही, हे पन्नास कोटी डॉलर हातात असताना कळलं.

याउलट राजधानीच्या उत्तरेला काय झालं पाहा. एप्रिल २०१०मध्ये एका गोल्फ मैदानावरच्या छावणीतून हजारो माणसं कोराय नावाच्या माळरानावर नेली गेली. झाड नाही, बाजार नाही, काम नाही. पांढऱ्या खडीवर ओळीत तंबू. जुलैतल्या वादळाने ते तंबू फाडले. त्याच माळाच्या कडेने, कुठल्याही आराखड्यात नसलेली, लोकांनी आपणहून बांधलेली वस्ती वाढत गेली. तिचं नाव कनान. काही वर्षांत तिथे दोन लाखांच्या आसपास लोक राहू लागले. सिमेंटच्या विटा स्वतः पाडल्या, परदेशातल्या भावा-बहिणींनी पाठवलेल्या पैशातून एकेक खोली चढवली, वर्गण्या काढून रस्ते सोडले, शाळा आणि प्रार्थनाघरं बांधली. भूकंपानंतरचं हैतीतलं सर्वांत मोठं गृहनिर्माण ते, आणि देणगीदारांच्या हिशेबात त्याला बराच काळ रकाना नव्हता. ती घरं पुढच्या भूकंपात टिकतील का, याची धास्ती मला वाटते. तिथे एकही शासकीय इंजिनिअर फिरला असता तर वाटली नसती.

आता कॉलराकडे येतो. या वळशाच्या वाटेचा सगळ्यात भयानक हिशेब तिथे आहे.

हैतीत त्याआधीच्या शंभर वर्षांत पटकीच्या साथीची नोंद नव्हती. ऑक्टोबर २०१०च्या मध्यावर मीरबाले गावाच्या आसपास माणसं वांत्या-जुलाबांनी कोसळू लागली. गावाजवळ मेय नावाच्या ओढ्याच्या काठी शांतिसेनेच्या नेपाळी तुकडीचा तळ होता. ती तुकडी नुकतीच बदलून आली होती आणि काठमांडूत त्याच सुमारास कॉलरा होता. तळातल्या शौचालयांच्या नळ्या गळक्या होत्या. मैला उपसून नेणारा ठेकेदार तो टेकडीवरच्या उघड्या खड्ड्यात ओतत असे आणि पाऊस आला की खड्डा भरून वाहे. खाली वस्ती होती. बायका त्या ओढ्यावर कपडे धूत, मुलं अंघोळ करत, घागरी भरत. ओढा आर्तिबोनीत नदीला मिळतो आणि नदी खाली भातखोऱ्यात पाटांनी फुटते. भाताच्या खाचरात राबणारा मजूर तहान लागली की पाटाचंच पाणी पितो. काही दिवसांत किनाऱ्यावरच्या सें मार्क गावच्या रुग्णालयाच्या अंगणात रुग्ण जमिनीवर ओळीने पडले होते.

सुमारे दहा हजार मृत्यू नोंदले गेले, आठ लाखांवर लोक आजारी पडले. यात नेपाळी सैनिकांचा दोष नाही, त्यांना कुणी तपासलं नाही, त्यांच्या तळाची स्वच्छता कुणी पाहिली नाही. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रनो पियारू यांनी खेडोपाडी फिरून उगम दाखवून दिला. संयुक्त राष्ट्रांनी आधी कानावर हात ठेवले. त्यांच्या तज्ज्ञसमितीने २०११मध्ये पुरावे मेयच्या ओढ्याकडे बोट दाखवतात हे मान्य केलं, पण अनेक कारणं एकत्र आली, कुणा एकाचा दोष नाही, असा निष्कर्ष काढला. पाच हजार पीडितांनी भरपाईचे अर्ज केले. २०१३मध्ये उत्तर आलं, अर्ज विचारात घेता येत नाहीत. हैतीशी झालेल्या करारात तक्रारी ऐकायला स्थायी आयोग नेमण्याची तरतूद होती. तो आयोग कधी नेमलाच गेला नाही. लोक न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. संयुक्त राष्ट्रांना खटल्यापासून संरक्षण आहे म्हणून २०१५मध्ये दावा फेटाळला गेला, २०१६मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. त्या डिसेंबरात महासचिव बान की-मून यांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली आणि ४० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. पुढच्या अनेक वर्षांत त्या रकमेचा दहावा हिस्साही जमला नाही.

ज्या सरकारला भ्रष्ट म्हणून टाळलं, त्याच्या हातून हे झालं असतं तर? मंत्र्याने राजीनामा दिला असता, मोर्चा निघाला असता, निवडणुकीत प्रश्न विचारला गेला असता. मेयच्या ओढ्यावर पाणी भरणाऱ्या बाईला मात्र न्यूयॉर्कच्या कचेरीतल्या कुणालाही मत द्यायचं नव्हतं आणि तिथल्या कुणालाही तिचं मत मागायचं नव्हतं. तिचं लेकरू गेलं, आणि जगातल्या कुठल्याही न्यायालयात तिची दाद लागली नाही.

इथे माझ्या विरोधकाच्या हातात एक खरा मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. व्हेनेझुएलाने पेट्रोकॅरिबे योजनेखाली हैतीला उधारीवर तेल दिलं. ते विकून आलेला पैसा, सुमारे दोन अब्ज डॉलर, सरकारच्या हाती राहिला. म्हणजे वळसा न घालता मिळालेला हा पैसा. तो लुटला गेला. अर्धवट रस्ते, नुसत्या कागदावरच्या इमारती, एकाच कामाचे दोनदा दिलेले पैसे. मग सरकारला देण्याचा आग्रह कशाला?

कारण पुढे जे झालं ते पाहा. हैतीच्या सिनेटच्या समित्यांनी अहवाल दिले. २०१८च्या ऑगस्टपासून ‘पेट्रोकॅरिबेचे पैसे कुठे गेले?’ असे फलक घेऊन तरुण पोर्ट-ओ-प्रिन्सच्या रस्त्यावर उतरले. महिनोन् महिने ती चळवळ चालली. २०१९मध्ये हैतीच्या लेखापरीक्षण न्यायालयाने शेकडो पानांचे अहवाल काढले आणि त्यात सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष जोव्हेनेल मोईझ यांच्या आधीच्या कंपनीचंही नाव घेतलं. दुबळ्या, गरीब, दमलेल्या देशातल्या लेखापरीक्षकांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षांवर बोट ठेवलं. चोरांना शिक्षा झाली नाही हे खरं. पण चोरी कुणी केली, कशी केली, हे हैतीच्या माणसाला त्याच्या भाषेत कळलं आणि तो जाब विचारायला रस्त्यावर आला. वळशाच्या वाटेने गेलेल्या अब्जांसाठी असा एक तरी मोर्चा कुणावर काढता आला असता? कुठल्या दारावर? कंत्राटदारांची कार्यालयं तर पोटोमॅक नदीच्या काठी होती.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर किल्लारीकडे बघू. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचं मोठं कर्ज आलं. तो परदेशी पैसा होता. पण तो महाराष्ट्राच्या तिजोरीतून गेला आणि राज्य सरकारने राबवला. ५२ गावं नव्या जागी वसली. त्याबद्दलच्या तक्रारी कमी नाहीत. चौकोनी आखणीच्या रुंद रस्त्यांवर गावपण हरवलं, रान लांब पडलं, बैल बांधायला जागा नाही, औजारं ठेवायला आडोसा नाही. या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्या कुणाकडे करायच्या हे औशाच्या आणि उमरग्याच्या माणसाला ठाऊक होतं. तहसीलदार होता, जिल्हाधिकारी होता, आमदार होता, विधानसभेत प्रश्न होत होते, वृत्तपत्रं मागे लागली होती. ज्या गावांत घरं पूर्ण पडली नव्हती तिथे दुरुस्ती-मजबुतीकरणाचे पैसे घरमालकाला दिले गेले आणि गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने त्यांना उभं केलं. सातेक वर्षांनी भुज हादरलं तेव्हा लातूरकडच्या बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांना सांगत होत्या, की घर बांधताना काय बघायचं आणि अधिकाऱ्याला काय विचारायचं. कुठलीही परदेशी संस्था असा अनुभव विमानात घालून आणू शकत नाही.

नेपाळचंही तसंच. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर तिथे दिरंगाई भरपूर झाली. राष्ट्रीय पुनर्निर्माण प्राधिकरण उभं राहायला डिसेंबर उजाडला, लोकांनी दोन हिवाळे पत्र्याखाली काढले. सीमेवरच्या नाकेबंदीने इंधन आणि औषधं अडली, आणि त्यात आपल्या देशावर आलेला ठपका आपण विसरू नये. पण घरासाठीचं तीन लाख नेपाळी रुपयांचं अनुदान तीन हप्त्यांत लाभार्थ्याच्या बँकखात्यात गेलं, इंजिनिअर तपासून गेल्यावर पुढचा हप्ता सुटला, आणि गोरखा-सिंधुपाल्चोकच्या डोंगरांवर बहुतांश घरं घरमालकांनीच बांधून उभी केली. सरकार तिथेही संतांचं नव्हतं.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात अवघड ठिकाण म्यानमार आहे. भूकंपाच्या वेळी तिथे सत्ता लष्कराची होती, आणि २८ मार्च २०२५च्या भूकंपानंतरही त्या लष्कराने आपल्याच लोकांवर हवाई हल्ले चालू ठेवले. भारताच्या ‘ऑपरेशन ब्रह्मा’ने मंडालेत रुग्णालय उभारलं, ते योग्यच केलं. पण सगाईंगमधल्या, लष्कराला न मानणाऱ्या खेड्यांत मदत जनरलांच्या हातून जावी असं मी म्हणू शकत नाही. उत्तर-पश्चिम सीरियात २०२३मध्ये असंच होतं. बाब अल-हवा हे एकच नाकं उघडं, संयुक्त राष्ट्रांचा पहिला ताफा तीन दिवसांनी आत गेला, आणि त्यांचे मदतप्रमुख मार्टिन ग्रिफिथ्स यांनीच आपण तिथल्या लोकांसाठी कमी पडल्याची कबुली दिली. तोवर ढिगारे उपसत होते ते तिथलेच व्हाइट हेल्मेट्सचे स्वयंसेवक. अशा ठिकाणी सरकारला वळसा घालायचा तर तो गावच्या समितीकडे, मठाकडे, त्या स्वयंसेवकांकडे नेणारा असावा. हैतीतही चर्चच्या समित्या होत्या, शेतकरी संघटना होत्या, वस्त्यांची मंडळं होती, आणि त्यांच्या हाती आलं ०.४ टक्के. सरकार नको म्हणून लोकांना दिलं, असंही तिथे झालेलं नाही. दोघांनाही टाळून तिसऱ्यालाच दिलं गेलं.

आज हैतीची राजधानी टोळ्यांच्या कचाट्यात आहे. मोईझ यांची २०२१मध्ये हत्या झाली. त्याच मीरबाले गावात डॉ. फार्मर यांच्या संस्थेने आरोग्य मंत्रालयाच्या साथीने ३०० खाटांचं शिक्षण-रुग्णालय बांधलं होतं. २०१३पासून तिथे हैतीचेच तरुण डॉक्टर घडत होते. २०२५मध्ये टोळ्या गावात शिरल्या आणि ते बंद करावं लागलं. ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असं यावर म्हणणारे आहेत. त्यांना माझं उत्तर आहे, की पोलीस, न्यायालय, नगरपालिका, शाळा यांतलं काहीही उभं न करता पंधरा वर्षं ताडपत्र्या वाटल्या तर रिकाम्या जागेत टोळ्याच उभ्या राहतात. हैतीच्या भूकंपानंतर दीड महिन्याने चिलीत ८.८ तीव्रतेचा, कितीतरी पटींनी मोठा भूकंप झाला आणि सुमारे सव्वापाचशे माणसं दगावली. तिथे बांधकामाचे नियम होते आणि ते पाळायला लावणारं शासन होतं. ते शासन हैतीत कधीच उभं राहू नये अशी मदत आपण करत राहिलो. त्या मदतीला आज कोण हिशेब मागतं आहे? संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले ४० कोटी डॉलर कॉलराग्रस्तांना अजून पूर्ण मिळालेले नाहीत. हैतीच्या तेरा अब्जांचा जाब विचारणाऱ्यांनी आधी हे चाळीस कोटी मागावेत.